दारावरची शिळा

"थो दगड काढा," जनकाबाई म्हणाली. ती स्टुडिओच्या दाराशी आली होती, पण आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

तिचा नवरा सहदेव याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो विहारांसाठी बुद्धाच्या मूर्ती घडवायचा. चिखलीच्या फोटोवाल्याकडून त्याने स्टुडिओ हा शब्द उचलला, आणि अमडापुरातल्या आपल्या अर्धवट खोलीला तो थाटात स्टुडिओ म्हणू लागला. लोक हसायचे, तोही हसायचा. नकाशा त्याने कोळशाने घराच्या भिंतीवर काढला होता. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे पत्रे, पडक्या घरांच्या विटा आणि उत्तरेला मोडीतली काचेची खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. दारावर टाकायला लांब दगड तेवढा मिळेना.

तो वस्तीच्या टोकाला मरीमायच्या देवळात मिळाला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वस्तीने देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला गोटा, नदीत सोडला होता. रिकामं देऊळ तसंच पडून होतं, पण तिथला खडासुद्धा कुणी उचलत नसे. तांदळा स्वतः उचलून नेणारे माणिकराव म्हणाले, खुशाल ने. सहदेवने देवळाच्या दारावरची शिळा आणून आपल्या दारावर चढवली, आणि त्याच आठवड्यात सुजाताला ताप भरला.

सुजाता त्यांची एकुलती एक, दीक्षेनंतर जन्मलेली. तिच्या अंगावर देवीचे फोड उठले. वस्तीत कुणी मोठ्याने काही बोललं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर शिळेकडे वळायची.  आपण देवी मानत नाही हे सहदेव चारचौघांत ठासून सांगायचा. आता मात्र त्या शिळेखालून जायलाही त्याचे पाय धजेनात, आणि त्याची त्याला लाज वाटायची.

जनकाबाईने दगड काढा म्हटलं त्याच दिवशी दुपारी माणिकराव आले. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"सहदेव, थे शिळा गुपचूप जागेवर नेऊन ठेव. मी कोणाले सांगत नाही."

ते ऐकून सहदेवचं उरलंसुरलं बळ गेलं. हा माणूस भ्यायला, तिथे आपण कोण? त्याने शिडी लावली आणि पहार उचलली.

तेवढ्यात जनकाबाई पोरीला गोधडीत गुंडाळून बाहेर आली. आता हिचा जीव भांड्यात पडेल असं त्याला वाटलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"आता काऊन? तूच त सकाळपासून मागं लागली होती."

"लागली होती. मले अजूनही भेव वाटून राह्यलं." तिने पोरीचं डोकं खांद्यावर नीट घेतलं. "पण दगड काढला आन् हे वाचली, त मी जल्मभर त्याच दगडाच्या पाया पडीन. हिलेही पडायले लावीन. बैल जुपा, चिखलीले नेऊ."

चिखलीपर्यंत सहदेवच्या मनात एकच होतं, गाडी मागे वळवावी. पोरीचा श्वास जड झाला की तो कासरा ओढायचा, आणि जनकाबाई हाताने पुढे दाखवायची. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. सुजाता वाचली, पण तिचा डावा डोळा गेला.

काही आठवड्यांनी गाडी परत आली तेव्हा वस्ती गोळा झाली होती. पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून सगळ्यांच्या नजरा शिळेकडे वळल्या. माणिकराव पुढे झालेच नाहीत. आता शिळा खाली येणार हे प्रत्येकाने मनाशी धरलं होतं.

जनकाबाईने सुजाताला गाडीतून उतरवलं आणि तिचं बोट धरून ती सरळ स्टुडिओकडे चालू लागली. दारात ती क्षणभर थांबली. तिचा पदर हलत होता आणि वारा तर नव्हता, हे सहदेवला दिसलं. मग ती पोरीला घेऊन शिळेखालून आत गेली.

आत तिने सुजाताला बसवलं आणि पुढ्यात मातीचा गोळा ठेवला. सुजाताने हात पुढे केला, पण एका डोळ्याला अंतर कळेना, तो गोळ्याच्या अलीकडेच पडला. जनकाबाईने तिचा हात धरून मातीवर ठेवला आणि आपला हात त्यावर तसाच राहू दिला.