कात्री लागलेल्या दिव्याची कैफियत

मी दिवा बोलतोय. तुम्हाला नवल वाटेल, कारण आजवर मला कुणी दिवा म्हटलंच नाही. करणाऱ्यांनी 'पीस' म्हटलं, विकत घेणाऱ्यांनी 'शोभा' म्हटलं. मी वेताचा आहे, घुमटासारखा आहे आणि देखणा आहे. आपल्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबण्याइतका मी नम्र नाही.

मला घडवलं दोघांनी, एक डिझायनर बाई आणि दुसरे वेत विणणारे काका. बाई कागदावर काढत, काका ते वेतात उतरवत. दोघं एकमेकांना फार मान देत आणि तिथेच घात झाला.

"काका, वीण अजून दाट करा ना. तुमचा हात दिसायला हवा."

"दाट? मुंगी आत शिरणार नाही असं विणतो!"

मग काका आपल्या मनाने एक नक्षी वाढवत, आणि ती नको म्हणायला बाईंची जीभ रेटत नसे. बल्ब दिसला की सौंदर्य बिघडतं म्हणून बाई तो आणखी छोटा करत. काका त्यात पडत नसत, बल्ब काही वेताचं काम नव्हे. अशी एकमेकांची मनं राखता राखता मी पुरा झालो. मला एकदा लावून बघावं, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

प्रदर्शनात मला टांगलं आणि बटण दाबलं. मी लागलो, पण ते फक्त मलाच कळलं. शेवटी मी नीट दिसावा म्हणून माझ्यावर दुसऱ्या दिव्याचा झोत सोडावा लागला. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो, माझ्या तर चहूबाजूंनी होता. लोक मान वाकडी करून म्हणत, "किती बोलतो हा पीस!" मी लाजेने गप्प होतो.

तिथून एका जोडप्याने मला घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर टांगलं. पाहुणे आले की मला लावत, आणि मी लागलोय हे कळावं म्हणून बाकीचे दिवे घालवत. पाहुणे चाचपडत जेवत आणि वा वा करत. एकाने तर कौतुकाच्या भरात शेजारणीच्या ताटातलं खाल्लं.

खरं बोलल्या त्या घरच्या सासूबाई. एका संध्याकाळी वायरमनने दुरुस्तीसाठी बाकीचे दिवे उतरवले होते. सासूबाई मुलाच्या शर्टाचं बटण लावायला माझ्याखाली बसल्या. सुईत दोरा जाईना. चष्मा पुसला, दोरा ओला केला, मग वर बघितलं.

"मेल्या, दिवा आहेस की टोपली?"

काळजाला लागलं. त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या पोटाला तळहाताएवढी खिडकी पाडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण माझा उजेड पहिल्यांदाच बाहेर पडला आणि थेट सुईच्या नेढ्यावर गेला. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

सुनेने कपाळावर हात मारून बाईंना आणि काकांना बोलावलं. भोक बघून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचे डोळे मात्र चमकले. "काका, हेच! हेच मला हवं होतं!"

काकांनी डोळे पुसले. "म्हणून तर तिथे वेत हलका ताणला होता."

"जागा कागदावर मी सोडली होती."

"कागदावर असेल. कापला गेला तो वेत!"

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांचं मन राखलं नाही. कात्री कुणी चालवली, हे कुणी विचारलंही नाही. असे आणखी दिवे करायचं ठरलं. सुनेला नवा मिळणार आणि मी मूळ नमुना म्हणून काचेच्या कपाटात जाणार. तेही बल्ब काढून, आत उगाच गरम व्हायला नको!

आता मला न्यायला खोकं उघडून बाई आणि काका टेबलाशी उभे आहेत.

"आजी, न्यायचा ना?" बाई विचारतात.

"थांबा. एवढं बटण होऊ दे," सासूबाई म्हणतात. आज दुसरा शर्ट घेतलाय. बटण लागतं. त्या शर्ट माझ्या उजेडात धरून बघतात आणि तेच बटण उसवायला घेतात.

"वाकडं बसलंय."

वाकडं नव्हतं, उजेड माझाच होता, मला दिसलं. आजी, खाली अजून पाच बटणं आहेत. अगदी सावकाश होऊ द्या.