पूर्ण नावानं हाक नको

शनिवारी जोसलिन येणार होती. आणि ती येणार की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

समुद्राकाठच्या सिएनागा गावातल्या गल्लीत संध्याकाळच्या डुलत्या खुर्च्या दाराबाहेर आल्या होत्या. एदेल्मिराची तेवढी रिकामी, वाऱ्यानं आपली आपण डुलत होती. एदेल्मिरा आत फोन धरून बसली होती.

जोसलिन तिच्या भावाची, विल्फ्रिदोची लेक. न्यू जर्सीत जन्मली, तिथंच वाढली, इंग्रजीशिवाय शब्द येत नाही. विल्फ्रिदो परसाल वारला आणि पोरीला एकाएकी बापाचं गाव बघावंसं वाटलं. तिच्यासाठीच तर एदेल्मिरा चर्चच्या पडवीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. मास्तर अनिबाल, उभा जन्म जहाजावर काढलेले. माणसांचं वर्णन कसं करावं हा धडा चालू होता. ‘शी इज ईझी-गोइंग’ म्हणजे कशाचा बाऊ न करणारी. ‘टेक्स आफ्टर’ म्हणजे आईबापाच्या वळणावर गेलेली. एदेल्मिरा अंडं घातलेल्या मक्याच्या आरेपा तळता तळता घोकायची, कढईसुद्धा तालात चुरचुरायची.

मग सोमवारी फोनच्या पडद्यावर पोर पहिल्यांदा दिसली. विल्फ्रिदोचेच गाल, तेच खांदे, हसताना मिटणारे तेच डोळे! एदेल्मिराचा ऊर भरून आला आणि सगळे धडे विसरून ती ओरडली, “यू आर फॅट! सो फॅट! सो ब्यूटिफुल!”

पडद्यावरचा चेहरा विझला. फोन बंद झाला.

“केलंस वाटोळं!” थोरली बहीण निकोलासा म्हणाली. “तिकडं कुणी कुणाला जाडी म्हणत नाही.”

“मग काय म्हणतात?”

“काहीच म्हणत नाहीत. बघतात आणि गप्प बसतात.”

“मेल्यांना लाज नाही वाटत?”

मास्तरांनी समजावलं, “बाई, इंग्रजीत शरीराला वळसा घालून स्वभावाकडं जायचं. म्हणायचं, तिचं काळीज सोन्याचं आहे.”

एदेल्मिरानं म्हणून पाहिलं. सोन्याचं काळीज. कुणाचंही असेल ते! शेजारच्या पोस्टमास्तरचंसुद्धा. त्यात तिचा विल्फ्रिदो कुठं दिसत होता?

तर आता शुक्रवार. अंधार पडायच्या आत तिनं फोन तोंडाशी धरला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत निरोप बोलून टाकला.

“जोसलिन, मी आत्या. तुला इथली माणसं सांगते, म्हणजे तू ओळखशील. माझा नवरा उबाल्दो, त्याला आम्ही टकल्या म्हणतो. उन्हात चमकतो, लांबून सापडतो. निकोलासा आत्या, तिला काळी म्हणतो. तिच्याइतकी सुंदर या गल्लीत कुणी झाली नाही. मी नकटी. आणि तुझा बाप जाड्या, आमच्या बोलीत गोर्दो. तिकडं त्याला सगळे मिस्टर म्हणायचे. दर रविवारी फोन करायचा नि म्हणायचा, नकटे, एकदा गोर्दो म्हण ना. मी म्हटलं की रडायचा, मग हसायचा. पोरी, आम्ही ज्याच्यावर रागावतो ना, त्याला नाव-आडनावानं हाक मारतो. तू बापाच्या वळणावर गेलीस. एवढंच म्हणायचं होतं मला.”

निरोप ऐकला गेला. तशी खूण फोनवर उमटली. उत्तर मात्र आलं नाही.

शनिवारी सांता मार्ताच्या विमानतळावर सगळी गल्ली लोटली. एकीकडं समुद्र, एकीकडं धावपट्टी, मधे ही वरात. निकोलासानं सगळ्यांना दम भरला होता, “पोरीच्या अंगाबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. नुसतं वेलकम!” उबाल्दोनं पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहून आणलं होतं : जोसलिन मारी बोलान्यो.

“येईल का रे, टकल्या?” एदेल्मिरानं त्याची बाही गच्च धरली.

“बाही फाटली तरी विमान लवकर येत नसतं, नकटे.”

विमान उतरलं. माणसं येत राहिली, सरत राहिली. काचेचं दार मिटलं. पुन्हा उघडलं, आणि पिवळ्या झग्यात, गालांवर घामाचे थेंब घेऊन, विल्फ्रिदोच चालत आला म्हणावं तशी पोर बाहेर आली.

कुणी हललं नाही. गल्ली ओठ मिटून उभी. उबाल्दोनं पुठ्ठा उंच धरला.

पोरीनं तो वाचला, एकदा, पुन्हा एकदा.

“पूर्ण नाव?” ती हळूच इंग्रजीत म्हणाली. “तुम्ही रागावलात माझ्यावर?”

एदेल्मिरानं पुठ्ठा हिसकावला, फाडला, दोन तुकडे दोन दिशांना. “गोर्दा!” ती किंचाळली. “माझी गोर्दा! जाडुली माझी!”

“गोर्दा!” गल्लीनं साठवलेला श्वास एकदम सोडला. पहारेकरी दचकून उठला.

पोर हसली, आणि डोळे मिटले, अगदी तसेच. मिठीत गुदमरत तिनं एक हात सोडवला आणि बोट दाखवत सुटली. टकल्या! बरोबर. काळी! दम भरणारी निकोलासाच सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग पोर एदेल्मिराकडं वळली. त्या दोघींत शब्दांची केवढी टंचाई होती, पण हा शब्द तिनं विमानात बसून पाठ केला होता, इथल्या बोलीत, इथल्या सुरात.

“नकटे,” ती म्हणाली, “एकदा अजून म्हण ना.”