पट्ट्याची दोरी

दक्षिणेचा वारा सुटला की पोलाद कारखान्यातल्या कोक-कोळसा नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याची आणीबाणीची दोरी नुसत्या हेलकाव्यानेच ओढली जायची, पट्टा थांबायचा आणि भट्टी उपाशी राहायची. साहेब ओरडले, तेव्हा पट्ट्याचा आराखडा करणाऱ्या नेव्हिलने दोरीला भरपूर ढील दिली. सगळे खूश झाले.

मग त्याच्या बहिणीचा, रोंडाचा, नवरा डॅरिल पट्ट्याच्या रोलरमध्ये सापडला. ओढलेली दोरी त्याच्या मुठीत होती आणि तरी पट्टा चालूच होता, हे नेव्हिलने स्वतः पाहिलं.

दफनानंतर क्लबात रोंडा सॉसेज रोलची ताटली घेऊन त्याच्याजवळ आली. "साहेब म्हणतात, दोरी ओढायलाच विसरला. खरंय का रे, दादा? लग्नाला अंगठी विसरून आला होता हा बाबा."

"विसराळूच गं तो," नेव्हिल म्हणाला आणि ताटली घेऊन पाहुण्यांना वाढू लागला.