लोखंडाची खांदमळणी

आमच्या घरात दर पोळ्याला जवसाचं तेल गायब व्हायचं. घाण्यावरून आणलेली शिशी गळ्यापर्यंत भरलेली असायची आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहावं तर तेल तळाशी. मी सासूला, गोदाबाईला, दरवर्षी तोंडावर विचारायची. ती म्हणायची, खांदमळणीला लागलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तेलाने मळायचे आणि त्यांच्या कानात ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायचं, हे मलाही ठाऊक आहे. पण आमचे ते बैल होते, हत्ती नव्हते. माझा पक्का समज होता की ते तेल पदराखालून नणंदेकडे राजेगावला जातं. मी तसं ऐकवूनही दाखवायची. सासू काही बोलायची नाही, आणि उत्तर न देणारं माणूस माझ्या डोक्यात जातं.

मग एका वर्षी गावचा तलाव फुटला. आमचं धान सगळं तलावाच्या पाण्यावर. पोळा झाल्यावर पाऊस असा काही कोसळला की पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, भगदाड पडलं आणि धानात दाणा भरायच्या वेळी तलाव कोरडा. दिवाळीनंतर गावाने टोपल्यांनी माती टाकून पाहिली, पण नुसती टाकलेली माती वरवर बसते. तिला दाबायला वजन लागतं, आणि तेवढं वजन गावात कशालाच नव्हतं.

माझा नवरा वसंता लग्नाच्या आधीपासून भरवेलीच्या मँगनीज खाणीत इंजिनांचा फिटर होता. तिथल्या खोलीत मी संसार केला आहे. भातात काळी धूळ, वेणीत काळी धूळ, दारात पाय ठेवायला स्वतःची वीतभर माती नाही. आम्ही गावी परतलो तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आता मेले तरी इथून हलायची नाही. आणि आता वसंता जेवताना खाली मान घालून म्हणाला, पुढच्या पावसात तलाव भरला नाही तर खाणीवर परत जावं लागेल, त्याने तिथे विचारूनही ठेवलंय. मी त्या दिवशी जेवले नाही.

पाळीच्या पायथ्याशी एक साखळीचा ट्रॅक्टर उभा होता. त्याला चाकांऐवजी दोन्ही अंगांना लोखंडी पट्टे आणि पुढे माती ढकलायचं रुंद पातं. गोंदियाच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा ठेकेदाराने तो आणला, काम संपता संपता तो बिघडला आणि ठेकेदार तो तिथेच टाकून गेला. पट्ट्यांतून तरोटा उगवला होता आणि ड्रायव्हरच्या जागेवर शेळ्या ऐटीत बसत. गाव त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणायचं. सरपंच मोतीलालने ते भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. वसंता त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, मी चालू करून दाखवतो, पाळ यानेच दाबू. मोतीलाल हसला, पण नाही म्हणाला नाही. अक्तीपर्यंत, अक्षय तृतीयेपर्यंत, थांबतो म्हणाला.

होळी झाली तसा वसंता मशीनला चिकटला. आधी त्याने पट्टे मातीतून खणून काढले, एकेक पिन घासलेटात भिजवून सोडवली, टाकीतली पालींची वस्ती उठवली. डोमाजी सुतार रोज येऊन बसायचा आणि विचारायचा, कारे वसंता, आज काही बोललं का मशीन? मी डबा घेऊन जायची आणि डोमाजीवर खेकसून यायची. मोठं इंजिन सुरू करायला त्याच्या अंगाशीच एक छोटं पेट्रोलचं इंजिन असतं. ते बरंच खोकून एकदाचं सुरू झालं. पण मोठं काही केल्या फिरेना. वसंताने ते उघडलं तर पिस्टन आतल्या आत चिकटलेले. गंजाने नव्हे, पिवळ्याकाळ्या डिंकाने. घासलेट ओतून झालं, डिझेल ओतून झालं, पण तो डिंक तसूभर हलेना.

त्या दिवशी तो घरी आला तो शिव्या देतच. “कोन्या गाढवानं धुराड्यातून गोंद ओतला, समजत नाई,” तो म्हणाला. सासू त्याला कढी वाढत होती. तिचा हात थांबला. मग तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा वसंता एक पिस्टन विस्तवावर धरून तापवत होता. त्यातून जो वास आला तो माझ्या चुलीचा होता. जवसाचं तेल जळल्याचा वास मला झोपेतही कळेल. मी इकडेतिकडे पाहिलं. मशीनच्या उभ्या धुराड्यावर एक मडकं कायम पालथं घातलेलं असायचं, ते आता खाली काढून ठेवलं होतं. त्याच्या काठाला चुन्याचे ठिपके होते, तीन लहान आणि एक मोठा. अशी ठिपक्यांची मडकी गावात एकाच घरात असतात, आणि त्या घरात मी राहते.

मी तणतणत घरी गेले. इतक्या वर्षांच्या तेलाचा हिशेब मागायचा होताच, आता तर तिने आमचं नशीबच चिकटवून ठेवलं होतं. सासू अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

“आत्याबाई, मशीनमंदी तेल तुमी ओतलं?”

“हौ.”

“काहून?”

ती फुलं पसरतच राहिली. वाटलं, आताही गप्पच बसणार. मग म्हणाली, “तुह्यासाठी.”

माझ्या लेकीच्या, सरिताच्या जन्माच्या वेळी मला बैलगाडीत घालून बालाघाटच्या दवाखान्यात नेलं होतं, एवढंच मला माहीत होतं. मी बेशुद्ध होते. त्यानंतर सासू अधूनमधून टोमणा मारायची की तुझ्यापायी बैल बसले होते. बाकीचं वसंतानेही कधी काढलं नव्हतं, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

“नाल्यात गाडी रुतली. बैलायनं गुडघे टेकले. मी रडून राह्यली होती, वसंता चाक उचलून राह्यला होता. सडकेवर हे मशीन काम करे. त्याचा डायव्हर पंजाबी होता. त्यानं गाडीले साखळी लावली अन् सडकेपर्यंत ओढून देल्ली. डाक्टरीन म्हने, उशीर झाला असता तं मायलेकी दोघीबी गेल्या असत्या.” तिने फुलांवरून हात फिरवला. “डायव्हर कामासंगं निघून गेला. त्याले कुठं शोधू? हे उभं होतं. बैलानं ओढलं असतं तं बैलाचे खांदे मळले असते. यानं ओढलं, तं याचे मळले.”

“अन् धुराड्यात काहून?”

“त्याचं तोंड थेच व्हय ना? आवाज तं तिथूनच निघे.”

दर पोळ्याला ही बाई माझ्यासाठी त्या लोखंडापुढे उभी राहत होती, त्याला जेवायचं आवतन देत होती, पावसात त्याच्या तोंडावर मडकं झाकत होती आणि घरी येऊन माझ्याकडून चोर म्हणवून घेत होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण आमच्या घरात असं एकदम कुणी पाया पडत नाही, म्हणून मी खाली बसले आणि तिच्याबरोबर फुलं पसरू लागले.

पसरता पसरता डोक्यात आलं. कढईला जवसाचं तेल वाळून बसलं की ते घासलेटाने निघत नाही. मी ते राखेच्या गरम पाण्याने काढते. तशीच उठले, चुलीतली सगळी राख पातेल्यात घातली, उकळून निवळी काढली आणि सासूने पातेल्याचा एक कान धरला, मी दुसरा. आम्हा दोघींना असं येताना पाहून वसंता बघतच राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आईकडे पाहिलं आणि पातेलं उतरवून घेतलं.

डिंक सुटला. आधी कडेकडेने, मग साबणासारखा होऊन वाहून गेला. आणि त्याच्याखाली लोखंड कोरं निघालं, गंजाचा ठिपका नाही. वसंता त्यावरून बोट फिरवत म्हणाला, “उघडं असतं तं पावसानं कवाच खाल्लं असतं. मायच्या तेलानं मशीन अडकवलं अन् मायच्याच तेलानं राखलं.” सासू म्हणाली, तं मग गाढव कोन? आणि डोमाजी एवढा हसला की त्याला ठसका लागला.

अक्तीच्या आदल्या दिवशी मोतीलाल सरपंचासमोर छोटं इंजिन फुटफुटलं, आणि बऱ्याच वेळाने मोठ्या इंजिनाने पहिला हुंकार दिला. पांढरा धूर निघाला, त्याला आमच्या फोडणीचा वास होता. पट्टे करकरले, तरोट्याच्या मुळ्या तुटल्या आणि मशीन सरकलं. वसंता वर बसून डोळे पुसत होता. सासूने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले, आणि या वेळी तिच्या शेजारी मीही जोडले. भंगारवाला आला तेव्हा ते पाळीवर माती दाबत होतं. चहा पिऊन गेला बिचारा.

पाळ टिकली, तलाव भरला, धानाची रोवणी वेळेवर झाली. खाणीचं नाव पुन्हा आमच्या घरात निघालं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वसंताने आईला ग्रीसचा डबा दिला आणि बजावलं की धुराड्याला हात लावायचा नाही. ती पट्ट्यांना ग्रीस चोळून आली, आवतन देऊन आली, पण घरी येऊन कुरकुरत बसली की हे काय काळं, याला तेलाची सर नाही. रोवणीपासून तिचा उजवा खांदा दुखत होता, तो ती दाबत होती. मी शिशी आणली, वाटीत तेल कोमट केलं, हळद घातली आणि तिच्या मागे बसून खांदा मळू लागले.

“मी का बैल आहो का?” ती म्हणाली.

“त्या दिवशी मले नेलं तं तुमीच.”

खांदा तिने काढून घेतला नाही. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

“रोजच तं जेवतो तुह्या हातचं,” ती म्हणाली, आणि दुसरा खांदा माझ्याकडे केला.

मी दुसराही खांदा मळला, मग पाठ. शिशी तळाला गेली तरी मी ओततच होते.