गिरणी बंद असतानाचा आवाज

सकाळ सरत आली तरी पुंडलिकरावाचं उत्तर नव्हतं, आणि तेजरामच्या रेडिओची सुई नऊवर चिकटून बसली होती.

कोणी बोलत नसेल तेव्हा ती सुई एक-दोनवर पडून राहायला हवी. ती नऊवर म्हणजे नुसता खरखराट, पत्रा कापत असल्यासारखा. जवळचं माणूस जोरात बोललं तर त्यातून ऐकू यायचं. लांबचं, कमी ताकदीचं कोणी असलं की बुडालं. त्याची बायको मंगलाबाई गेल्यानंतर हा खरखराट सुरू झाला होता, आणि तेजरामला त्याचं कारण पक्कं माहीत होतं. शेजारी, उताराच्या खाली, चिंधूची पिठाची गिरणी होती. तिच्या जुन्या मोटरीपायी चार वेळा भांडण झालं होतं. एकदा तर तेजरामनं घराचा मेन स्विच पाडून, अंधारात रेडिओ बॅटरीवर लावून पाहिला होता. आवाज तसाच. म्हणजे घरातलं काही नाही, गिरणीच. त्यानंतर तो चिंधूशी बोलेनासा झाला.

आणि आज तोच चिंधू त्याच्या खाटेवर ओल्या धोतरानं बसला होता. वैनगंगा काल दुपारपासून चढत होती. कारध्याची खालची आळी पाण्यात गेली, चिंधूच्या घराला ओसरीपर्यंत पाणी लागलं, तेव्हा तेजरामची मुलगी रुचिता जाऊन त्याला हाताला धरून वर घेऊन आली. ती बापाला विचारत बसली नाही.

वीज कालच गेली होती. पहाटे मोबाइलही मुके झाले. पूल बंद. आता तेजरामच्या टेबलावरचा रेडिओ तेवढा चालू होता.

तेजराम मेश्राम फौजेत सिग्नलला हवालदार होता. पेन्शन घेऊन गावी आल्यावर त्यानं हौशी रेडिओचा परवाना काढला आणि गच्चीवर बांबू उभे करून तार ताणली. पुंडलिकराव त्याच पलटणीतला, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. तिसरा देवाजी, तोही कोंढ्याचाच. देवाजी दोन वर्षांमागे गेला. लाखनीला बॅटरीचं दुकान चालवणारे भैयाजी फौजेतले नव्हते, पण रेडिओच्या नादानं तेही यांच्यातलेच झाले होते. अशी जिल्हाभरातली दहा-बारा माणसं दर रविवारी सकाळी रेडिओवरच्या एका ठरलेल्या जागेवर जमायची. त्याला ते हजेरी म्हणत. आधी गेलेल्यांची नावं घ्यायची. एक नाव घ्यायचं, बटण सोडायचं, आणि एक श्वासभर कोणी काही बोलायचं नाही. त्या माणसाची जागा तेवढा वेळ रिकामी ठेवायची. मग दुसरं नाव. सगळी झाली की जिवंतांची हजेरी.

मंगलाबाईंनीही पन्नाशी उलटल्यावर परीक्षा देऊन परवाना काढला होता. "तुमी दिवसभर त्या डबड्याशी बोलता, मंग मीबी तठीच येतो," म्हणाल्या आणि आल्या. हजेरी संपताना त्या प्रत्येकाला जेवायला काय केलं ते विचारायच्या. असल्या गप्पा तिथं मारू नयेत असा रिवाज होता. पण वहिनींना कोण सांगणार?

त्या गेल्यावर पहिल्या रविवारी भैयाजींनी विचारलं होतं, "तेजराम भाऊ, वहिनीचं नाव घेऊ का?"

"राहू द्या."

भैयाजी दर रविवारी विचारायचे. तेजराम दर रविवारी तेच म्हणायचा.

"कारधा, लाखनी बोलून राहिलो," खरखराटातून भैयाजींचा आवाज आला. लाखनीला फोन चालू होते, त्यामुळे पुराचे निरोप सरकारी कक्षाला पोचवायचं काम त्यांच्याकडं होतं. "नाववाले पुंडलिकरावाच्या घरी जाऊन आले. घराले कुलूप हाय. त्यायच्या घरच्या सत्यभामाबाई गावच्या शाळेत सुखरूप हायेत. त्या म्हणतात, काल सांजच्याले हे डबा घेऊन निघाले, येतो म्हणाले, आलेच नाही. कुठी गेले ते माईत नाही. ओव्हर."

तेजरामनं बटण दाबलं. "डबा घेऊन गेला? नक्की?"

"हाव. डबा अन् मोटरसायकलची बॅटरी."

तेजराम खुर्चीत सरळ बसला. तो डबा जेवणाचा नव्हता. पुंडलिकरावानं स्टीलच्या डब्यात स्वतः जोडलेला सेट होता तो. त्यावर बोलता येत नसे, फक्त किल्ली दाबून कट्ट-कड कट्ट-कड असा मोर्स पाठवता येई, आणि ताकद टॉर्चच्या बल्बाएवढी. पण झाडावर तार फेकली की एवढ्याशा ताकदीतही पुंडलिकराव रायपूरपर्यंत पोचायचा.

"मंग तो बोलन," तेजराम म्हणाला. "डबा घेऊन गेला म्हणजे बोलनच."

"भाऊ, तो बोलूनच राहिला असन," भैयाजी म्हणाले. "मले मघापासून मागं काईतरी टुकटुक ऐकू येते. पण माहा परवाना खालच्या दर्जाचा, मले मोर्स कुठी येते? अन् लई बारीक हाय. तुमची तार उंच हाय. तुमीच घ्या."

तेजरामनं हेडफोन कानावर दाबला. डोळे मिटले. पत्रा कापल्याचा आवाज, दुसरं काही नाही. त्यानं बटणं फिरवली, फिल्टर अरुंद केला, आवाज कमी-जास्त केला. सुई नऊवर.

"काई येऊन राहिलं का, बाबा?" रुचितानं विचारलं.

"काई नाई. गिरणीचा आवाज खाऊन राहिला सारं." तोंडातून सवयीनं गेलं.

खाटेवर चिंधू हलला. त्यानं आधी रुचिताकडं पाहिलं, मग तेजरामकडं.

"फौजी," तो म्हणाला, "माही गिरणी कालपासून पाण्यात हाय. मोटरीत मासोया फिरून राहिल्या असतीन. गावात लाइन नाई. आता कोनाले शिव्या देशीन?"

रुचिता हसणार होती, पण बापाचा चेहरा पाहून थांबली.

तेजरामनं हेडफोन काढला. गिरणी बंद. गावात वीज नाही. पलीकडं भंडाऱ्यातही नाही. चालू आहे ते फक्त या खोलीतलं, बॅटरीवरचं. आणि त्या बॅटरीवर दोनच गोष्टी होत्या. एक रेडिओ. दुसरी...

त्यानं मान वर केली नाही. न पाहताही त्याला ती दिसत होती. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मंगलाचा फोटो, आणि फोटोपुढं छोटा पिवळा दिवा. मंगलाला अंधार सोसत नसे. आजारपणात लाइन गेली की ती हात चाचपत राहायची, आणि तो आधी टॉर्च लावून मग तिचा हात धरायचा. शेवटच्या दिवसांत म्हणाली होती, "मले अंधारात ठेवजो नोको." ती गेल्यावर त्यानं बाजारातून दिवा आणला. लाइन गेली तरी विझू नये म्हणून रेडिओच्या बॅटरीवर जोडला. दिवा अर्ध्या व्होल्टेजचा होता, म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारी एक काळी डबी लावली. स्वस्तातली. असल्या डब्या रेडिओत केवढा खरखराट करतात हे तो हजेरीत नव्या पोरांना स्वतः समजावून सांगायचा.

मेन स्विच पाडला तेव्हा दिवा जळतच होता. तो पाहत होता त्या दिव्याकडं. तरी त्याच्या लक्षात आलं नव्हतं. की त्यानं येऊ दिलं नव्हतं, कोण जाणे.

रुचिताच्या ध्यानात आलं. ती फोटोकडं निघाली.

"थांब," तेजराम म्हणाला.

"बाबा, पुंडलिक काका..."

"मले समजते व. थांब. मी काढतो."

तो उठला. चार पावलांची खोली ओलांडून फोटोपुढं उभा राहिला. फोटोतली मंगला नेहमीसारखी, काहीतरी विचारायच्या बेतात. बाहेर आभाळ इतकं दाटलं होतं की दिवसाउजेडी खोलीत संधिप्रकाश होता, आणि दिवा गेला की तिचा चेहरा दिसणार नव्हता. तेजरामनं वायर बोटांत धरली. त्याला वाटलं काही बोलावं. पण चिंधू समोर होता, आणि तिकडं पुंडलिक कुठंतरी पाण्यात किल्ली दाबत होता.

त्यानं वायर ओढली.

मागं खोलीत एकदम काहीतरी थांबलं. हेडफोन टेबलावर पडला होता, त्यातून येणारी ती बारीक कर्कर गेली होती. तेजराम वळला. सुई एकवर होती.

तो धावलाच. हेडफोन कानाला लावला, आणि त्या मोकळ्या शांततेत, फार लांबून, बारीक आवाजात कोणीतरी त्याला बोलावत होतं. त्याच्याच कॉलसाइनची, रेडिओवरच्या नावाची, अक्षरं, पुन्हा पुन्हा. हात पुंडलिकाचा होता. प्रत्येक शब्दाच्या शेवटी जरा रेंगाळायची त्याची खोड पलटणीत साऱ्यांना ठाऊक होती.

तेजरामनं टेबलावरची पितळी किल्ली ओढली आणि पाठवलं: ऐकतो, सांग.

उत्तर आलं. अक्षरं इंग्रजी, बोली घरची. तेजराम एकेक शब्द तोंडानं म्हणत गेला, आणि रुचिता ऐकत राहिली.

"सुशीला... सोबत. देवाजीचं... शेत. स्लॅबवर. पाणी... स्लॅबले लागलं."

"सुशीलाबाई तर नागपूरले पोराकडं होत्या ना?" रुचिता म्हणाली.

"आल्या असतीन धानाचा रोवणा पाहाले. अन् हा गेला त्यायले आणाले." देवाजीची बायको एकटी शेतातल्या घरात आहे हे कळल्यावर पुंडलिक घरी बसला नसता. तेजरामही बसला नसता.

पुंडलिकाची बॅटरी बसत चालली होती. प्रत्येक टोल आता चिमणीच्या चिवचिवीसारखा, सूर घसरत येत होता. तेजरामनं पाठवलं: समजलं. नाव येते. बॅटरी राखून ठेव. मग माइक उचलला.

"लाखनी, लिहून घ्या. दोघं जण, देवाजीच्या शेतातल्या स्लॅबवर. कोंढ्याच्या रस्त्यानं नाई, नाल्याच्या पलीकडं, मोहाची दोन झाडं एकमेकायले चिटकून हायेत, त्याच्या मागं. अन् भैयाजी, नाववाल्यायले सांगा, खालच्या अंगानं जायचं नाई. तिकडं काटेरी तारेचं कुंपण हाय, आता पाण्याखाली असन. नाव फसन. वरून, झाडायच्या बाजूनं या म्हणा."

"तुमाले कसं माईत कुंपण?"

"आमी तिघायनंच गाडलं होतं, सुट्टीत. सांगा लवकर!"

मग वाट पाहणं. रुचितानं चहा ठेवला, तो तसाच निवला. चिंधू खाली उतरून तेजरामच्या शेजारी जमिनीवर बसला. एकदा टुकटुक आली, अर्धा शब्द, आणि तुटली. तेजरामनं बोलावलं. काही नाही. पुन्हा बोलावलं. सुई एकवर पडून होती, आणि आता तीच शांतता त्याला नको झाली. खरखराटात निदान वाटायचं, असेल कुठंतरी आत. या शांततेत नसलं तर नसलंच.

"बॅटरी गेली असन," चिंधू हळूच म्हणाला.

"हाव."

"माणूस नाई. बॅटरी."

तेजरामनं मान हलवली.

बऱ्याच वेळानं लाखनीचा आवाज आला. भैयाजींना धाप लागली होती. "कारधा! दोघंबी नावेत! सुखरूप! वरूनच गेले, झाडायच्या बाजूनं. त्या सुशीलाबाई कोंबडी सोडून याले तयार नाही झाल्या म्हणे, कोंबडीबी नावेत हाय! ऐकून राहिले का, भाऊ?"

तेजरामच्या बोटाला बटण सापडेना. शेवटी रुचितानं ते दाबून धरलं.

"ऐकलं," तो म्हणाला.

चिंधू उठला, धोतर झटकलं. "मंग फौजी, माह्या गिरणीले काय म्हणता?"

"गिरणी साफ हाय तुही," तेजराम म्हणाला. "मी चुकलो."

"चार वेळा भांडला."

"पाचव्यांदा जेवाले ये. आता बस गा चूप."

रुचिता आतून मेणबत्ती घेऊन आली होती. तेजरामनं ती तिच्या हातून घेतली, फोटोपुढं लावली, आणि येऊन रेडिओची सुई पाहिली. एकवरच होती.

रविवारी पाणी ओसरलं होतं आणि चिंधू गिरणीतला गाळ काढत होता. हजेरी घ्यायची पाळी तेजरामची होती. त्यानं देवाजीचं नाव घेतलं, बटण सोडलं, श्वासभर थांबला. मग बाकीची नावं घेतली. शेवटच्या नावानंतर भैयाजी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत त्यानंच बटण दाबलं.

"मंगला मेश्राम, कारधा."

बटण सोडलं.

कोणी काही बोललं नाही. श्वासभराची वेळ होऊन गेली, तरी तेजरामनं बटण दाबलं नाही आणि कोणी त्याला घाई केली नाही. आवाज कसलाच नव्हता. तिची जागा रिकामी होती. ती जागा केवढी आहे हे त्याला आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मग त्यानं खाकरून बटण दाबलं. "आता हाजर असलेल्यायची हजेरी. कोंढा?"

नव्या बॅटरीवर डबा टणटणीत वाजत होता. पुंडलिकानं सावकाश, प्रत्येक शब्दाच्या शेवटी रेंगाळत पाठवलं:

कोंढा हाजर. सुशीला विचारते, जेवाले काय केलं.