उलार मोटार

गुणवंतरावांचा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, नाद सोडवणं वडशात कुणालाच जमलं नव्हतं. शेवटी ते काम पाखऱ्या नावाच्या बैलाने केलं. ऐन धावेत त्याने मान फिरवली, छकडी उलटली आणि तिचं चाक गुणवंतरावांच्या बरगड्यांवरून गेलं. तांदळाचा व्यापार, चार माणसांत मान, डोक्याचे केस पिकायला लागलेले. पण धावायच्या बैलांची जोडी दिसली की हा माणूस वेडा व्हायचा. तो आता खाटेवर पडून छताचे वासे मोजत होता.

त्या आजारपणात त्यांच्या बायकोने, शकुबाईंनी, मार्कंडादेवाला नवस बोलला. माणूस उठून चालायला लागला, तर दोघं जोडीने दर्शनाला येऊ आणि घरचा तांदूळ वाहू. माणूस उठला. उठल्याबरोबर शकुबाईंनी बैल विकायला लावले आणि पुन्हा छकडीवर पाय ठेवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. गुणवंतरावांनी घेतली. शपथ छकडीची होती, मोटारीची नव्हती, हे शकुबाईंच्या ध्यानात यायला थोडा उशीर झाला.

बल्लारपूरला यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनियर मायदेशी परत निघाला होता. त्याच्या मोटारीला दोनच माणसांची जागा. बुटकी, पाठीकडे उतरत गेलेली, शेवाळी रंगाची. सगळ्यात नवल म्हणजे इंजिन मागे, आणि पुढच्या झाकणाखाली नुसती पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. गुणवंतरावांनी ती पाहिली आणि व्यवहार करूनच उठले. निघताना साहेबाने दुभाष्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: वळणावर भीती वाटली, तरी पेट्रोलवरचा पाय उचलायचा नाही. गुणवंतरावांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष मोटारीच्या आवाजाकडे होतं.

वडशात मोटार आली, तेव्हा सगळ्यात जास्त रागावला तो पोचू हॉटेलवाला. येणारीजाणारी प्रत्येक मोटार त्याच्या दारात पाण्यासाठी थांबायची आणि पाण्यापाठोपाठ चहा व्हायचा. या मोटारीला पाणीच लागत नव्हतं, तिचं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं. "हे कोनती मोटार हाये हो भाऊ," पोचू म्हणाला, "ना पानी मांगत, ना थांबत!" गुणवंतरावांना ही स्तुतीच वाटली.

मग त्यांनी मोटार आपल्या मनासारखी करायला घेतली. आपल्या रस्त्यांची दगडधोंड्यांची सवय तिला नव्हती, म्हणून बल्लारपूरच्या मिस्त्रीकडून तिचं अंग वर उचलून घेतलं. पुढच्या बाजूला विकलेल्या जोडीची घुंगरमाळ बांधली. आणि तांदळाचे नमुने न्यायला पाठीवर, थेट इंजिनाच्या डोक्यावर, बांबूचं भक्कम कॅरिअर ठोकलं. खासराच्या मागे जसा भारा बांधतात, तसाच.

शकुबाईंचे वडील गावोगाव धान वाहणारे गाडीवान. खासर म्हणजे ओझ्याची बैलगाडी, आणि शकुबाईंचं लहानपण त्या खासरावरच गेलेलं. त्यांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "हे तं उलार हाये."

मागे वजन जास्त झालं की बैलगाडी उलार होते. जू वर उचलतं, बैलांचे गळे आवळतात आणि गाडी मागे लोंबते. ते कुणाला सांगावं लागत नाही. कुणी तरी उठून पुढे धुरीवर, म्हणजे जुवाकडच्या दांड्यावर, जाऊन बसतं, किंवा धुरीवर दगड ठेवतात, की झालं. गुणवंतराव मात्र पोट धरून हसले. "अवो, हे मोटार हाये, खासर नाई! जर्मनीत का येड्याइनं बनवली?"

"येड्याइनं बनवली असं मी नाई म्हनत. उलार हाये म्हनतो."

तरीही महाशिवरात्रीला, मार्कंड्याच्या यात्रेला जायला शकुबाई मोटारीत बसल्या, कारण नवस जोडीने फेडायचा होता. तांदळाचं पोतं कॅरिअरवर बांधलं. आरमोरीच्या पुढे एका बोडीला, म्हणजे गावतळ्याला, वळसा घालून रस्ता जातो. तिथे गुणवंतराव झोकात वळले. समोर गाय आली. आणि अंगात मुरलेला पट जागा झाला. भ्यालेला पटवाला कासरा मागे ओढतो. गुणवंतरावांनी पेट्रोलवरचा पाय उचलला. क्षणात मोटारीची पाठ पुढे आली, तोंड मागे गेलं, आणि उलट्या तोंडाने ती घुंगरं वाजवत बोडीच्या चिखलात उतरली. तांदूळ पाण्यात सांडला. आजूबाजूचे बगळे तेवढे खूश झाले.

कुणाला खरचटलंही नाही. पण शकुबाई लुगड्याचा काठ पिळत रस्त्यावर आल्या आणि म्हणाल्या, "मी मेली तरी या मोटारीत पाय नाई ठेवत." आणि परतणाऱ्या एका दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसून घरी गेल्या.

तेव्हापासून घरात गाठ पडली ती सुटेना. गुणवंतराव म्हणत, जाऊ तर मोटारीनेच जाऊ. शकुबाई म्हणत, मोटार सोडून कशानेही जाऊ. पुढची महाशिवरात्र तशीच गेली. नवस राहून गेला. बाकी संसार चालूच होता. पण सांजवात करताना शकुबाईंचा हात देवापुढे जरा थांबायचा, आणि ते गुणवंतरावांना दिसायचं. दिसलं की ते उठून बाहेर जायचे. आपल्याला जगवायला बोललेला नवस आपल्याच हट्टापायी अडला आहे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळण्यात आणि वळण्यात त्यांचा हट्ट आडवा पडला होता.

मात्र मोटार शिकायचा त्यांनी ध्यास घेतला. मागच्या चाकांत हवा जास्त, पुढच्यांत कमी ठेवून पाहिली. वळणावर पाय उचलायचा नाही, हे रिकाम्या रस्त्यावर घोकून घोकून पायात भिनवलं. आणि एका पावसाळ्यानंतर चमत्कार झाला. मोटार एकदम शहाणी झाली. वळणावर पाठ हलेना, तोंड भरकटेना, जिकडे वळवावी तिकडे गुमान वळायची. पोचूच्या हॉटेलात गुणवंतराव छाती फुगवून सांगायचे, "जनावर असो का मोटार असो, हात ओळखते मानसाचा!" घरी सांगितलं, की शकुबाई नुसतं "बरं हाये" म्हणायच्या आणि भात वाढायच्या.

थंडीच्या दिवसांत एकदा ते वैरागडच्या पलीकडच्या जंगलातून बाजाराचं काम आटोपून येत होते. सागाच्या पानांनी रस्ता झाकला होता. एका अणकुचीदार खुंटाने पुढचं चाक फोडलं. जवळच्या पाड्यावरचा जंगू रस्त्याकडेला बांबू तासत होता. बाजारातली ओळख, म्हणून तो कुऱ्हाड टाकून मदतीला आला. गुणवंतरावांनी पुढचं झाकण उघडलं. पेट्रोल भरायला ते रोजच उघडायचे, पण स्टेपनी कधी हलवली नव्हती. दोघांनी मिळून ती उचलली.

खाली जुन्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून, दोरीने आवळून बांधलेलं होतं. गुणवंतरावांनी गाठ सोडली. आत जात्याची पाळू होती. वरची, गरगर फिरणारी, खुंट्याला हात लागून लागून गुळगुळीत झालेली. त्यांच्याच घरच्या जात्याची. आणि लुगडंही ओळखीचं होतं. ज्यावरचा बोडीच्या चिखलाचा डाग काही केल्या निघाला नव्हता, तेच ते.

जंगू हसला. "बराबर केलं भाऊ. मांगं इंजिन, मंग धुरीवर गोटा पायजेच."

गुणवंतरावांना ते हसणं झोंबलं. म्हणजे आपला हात मोटारीने ओळखलाच नव्हता? "मी नाई ठेवला," ते तुटकपणे म्हणाले. "काढून टाकतो. माह्या मोटारीले गोटा नाई लागत."

"काऊन काढता? राहू द्या नं."

पण गुणवंतरावच ते. स्टेपनी बसवली, फुटलेलं चाक पुढे टाकलं, पाळू उचलून शेजारच्या आसनावर ठेवली आणि निघाले. शकुबाईंच्या जागी त्यांचं जातं बसलं होतं. पुढच्याच वळणावर मोटारीने तोंड हलकं केलं आणि पाठ अशी झटकली, की गुणवंतरावांच्या बरगड्यांतली जुनी कळ उठली. पाय उचलला नाही म्हणून बचावले. तेवढं मात्र ते खरोखर शिकले होते.

त्यांनी मोटार थांबवली. जंगलात पानं पडत होती आणि बाजूला ती पाळू होती. मग त्यांना आठवलं, की हल्ली पहाटे घरात जात्याची घरघर ऐकू येत नाही. आपण कधी विचारलंही नाही. दाळ भरडून येते, ज्वारीचं पीठ येतं, ताटात भाकर येते. कुठून येते? खाली उतरून त्यांनी पाळू पुन्हा लुगड्यात गुंडाळली, होती तशीच पुढे ठेवली, आणि तिच्यावर क्षणभर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे शकुबाई सूप काखेत घेऊन बाहेर पडल्या, तसे ते मागोमाग गेले. दोन घरं सोडून धुरपताबाईंचं घर. आत जातं फिरत होतं आणि शकुबाई परक्या जात्याला आपली ज्वारी भरवत होत्या. गुणवंतराव दारात उभे राहिले. धुरपताबाईंनी त्यांना पाहिलं आणि शहाण्या बाईसारख्या पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या दाराने गेल्या.

"आपलं जातं कुठी हाये?" गुणवंतरावांनी विचारलं.

शकुबाईंनी हात थांबवला नाही. "तुमाले सापडलं वाटते."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं. तुम्ही म्हनले, मोटार हाये, खासर नाई." त्यांनी एक मूठ ज्वारी टाकली. "मंग मुखरूले धरलं आन् तुम्ही झोपले असतानी ठेवून देल्लं."

मुखरू म्हणजे घरचा सालदार. तोही एवढे दिवस तोंड मिटून होता.

"आन् पाळूच काऊन? गोटे का कमी हायेत गावात?"

"गोटा दिसला असता तं फेकून देल्ला असता तुम्ही. घरचं जातं कोनी फेकत नाई."

गुणवंतराव उंबऱ्यावर टेकले. "तू तं म्हनली होती, या मोटारीत पाय नाई ठेवत. मंग तुले काय पडलं होतं तिचं?"

आता मात्र जातं थांबलं. शकुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे, लहान मुलाला समजावताना पाहतात तसं.

"मी नाई बसत हो," त्या म्हणाल्या. "पन माहा मानूस बसते नं तिच्यात रोज."

गुणवंतरावांनी डोळे पुसले. पीठ उडालं असं म्हणायलाही ते विसरले. मग जवळ जाऊन बसले आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला. पुरुषमाणसाने जातं ओढलेलं गावाने पाहिलं असतं तर हसू झालं असतं. पण पाहायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या घडीला त्यांना फिकीर नव्हती. "मी लय उपकार झाले म्हनतो," ते म्हणाले. "देवाचे बी आन् तुह्ये बी."

"देवाचे फेडाचे राह्यले हायेत अजून," शकुबाई म्हणाल्या.

"दमणीनं जाऊ. तू म्हनशीन तसं."

शकुबाईंनी सुपात पीठ भरलं. जराशाने म्हणाल्या, "ते मांगचं कॅरिअर काढा. मंग पाहीन."

कॅरिअर त्याच दिवशी निघालं. पाळू घरच्या जात्यावर परत बसली. महाशिवरात्रीला नवसाचा तांदूळ लहान लहान थैल्यांत भरून शकुबाईंनी स्वतःच्या हाताने पुढच्या झाकणाखाली स्टेपनीभोवती गच्च बसवला. धुरी चांगली दाबली गेल्याची दोनदा खात्री केली. मग पदर खोचून मोटारीत बसल्या. बोडीच्या वळणावर त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. गुणवंतरावांनी पाय उचलला नाही. मोटार वळली, सरळ झाली, घुंगरं एका सुरात वाजत राहिली. शकुबाईंनी मूठ सोडली आणि खिडकीतून बोडीकडे पाहिलं. "बगळे हायेत अजून," त्या म्हणाल्या.

मार्कंड्याला दोघांनी जोडीने दर्शन घेतलं. तांदूळ देवापुढे वाहिला. पहिली ओंजळ शकुबाईंची, दुसरी गुणवंतरावांची. एवढ्या दिवसांचं ओझं दोघांच्याही मनावरून उतरलं. वैनगंगेच्या वाळूत बसून दोघांनी शिदोरी खाल्ली, आणि गुणवंतराव परत निघायला म्हणून मोटारीपाशी आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पुढचं झाकण उघडून ते उभे राहिले. आत नुसती स्टेपनी.

"उलार झाली," शकुबाई मागून म्हणाल्या. "नदीतले गोटे भरता का?"

गुणवंतरावांनी नदीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि झाकण लावलं. "राहू दे. आज हळू जातो."

आणि ते खरंच हळू गेले. यात्रेहून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत, धुरळा खात, जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान मोटार बैलांच्या चालीने चालली होती. चामोर्शीच्या पुढे एक दमणी त्यांना मागे टाकून निघाली. गाडीवानाने ओळखलं आणि हसून ओरडला, "काहो पटवाले! दमून गेले का?"

असं कुणी म्हटलं असतं, तर पूर्वी गुणवंतरावांच्या अंगाची आग झाली असती. आज त्यांनी नुसता हात हलवला. शेजारी शकुबाईंचा डोळा लागला होता. मान त्यांच्या खांद्यावर आली होती. गुणवंतरावांनी वाट थोडी सोडली आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या दमणीलाही पुढे जाऊ दिलं.