हातोहात फिरलेला शिंगाचा पेला

मित्रांनो, बैलाच्या शिंगाचा एक जुना पेला तुमच्याशी बोलतो आहे. माझा जन्म पराग्वेतल्या एका खेड्यातला. आन्सेल्मो नावाच्या कारागिराने मला तासले, घासून गुळगुळीत केले आणि आपल्या बायकोला, सेफेरीनाबाईंना दिले. माझ्यात येर्बा नावाच्या झाडाची, चहासारखी वाळवलेली पाने भरायची, वर गार पाणी ओतायचे आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचे, ही आमच्याकडची रीत.

त्रिनिदादची मर्लीन सेवाभावी संस्थेतर्फे गावात इंग्रजी शिकवायला आली आणि सेफेरीनाबाईंकडे राहिली. तिच्या वर्गात मोठी माणसे गप्प बसून राहत.

"माझी जीभ म्हातारी झाली गं पोरी, तिला आता कुठे नवं वळण लावतेस?" असे सेफेरीनाबाईंनीच सांगून टाकले.

पण मी फिरू लागलो की याच मंडळींच्या गप्पांना ऊत येई. मर्लीनने ते बरोबर हेरले. तिने मला वर्गात आणले. ज्याच्या हातात मी, त्याने एक तरी वाक्य इंग्रजीत बोलायचे. सेफेरीनाबाईही बोलू लागल्या आणि मग त्यांना थांबवणे जड गेले. मर्लीनची मुदत संपली, तेव्हा त्यांनीच मला तिच्या पिशवीत घातले.

मर्लीनला याच देशात राहून शिकवायचे होते. राजधानीत मात्र इंग्रजी शिकवणारी प्रत्येक संस्था शिक्षिकेचे प्रमाणपत्र मागे. गावातले काम ऐकून लोक कौतुक करत आणि तिची बोळवण करत. नोकरी मिळाली नाही, तर राहण्याचा परवाना संपताच तिला मायदेशी परतावे लागणार होते. बिचारी पार हिरमुसली. मी पिशवीच्या तळाशी सुकत राहिलो आणि माझ्या काठाला चीर गेली.

शेवटच्या संस्थेच्या प्रमुख ओवेलारबाई. "कागदाशिवाय मी तुम्हाला कोणत्या भरवशावर घेऊ?" त्यांनी विचारले.

"घेऊ नका. आज दुपारचा एक वर्ग तेवढा द्या," मर्लीन म्हणाली. "नाही जमलं, तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

वर्गात कचेऱ्यांतली माणसे होती. व्याकरण सगळ्यांना पाठ, पण चुकायच्या भीतीने दातखीळ बसलेली. मर्लीनने मला भरून पुढे केले. रोलोनसाहेब म्हणजे त्यांतले सर्वांत अबोल; पण समोर आलेला पेला ते परतवणार कसे? ते प्यायले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आईच्या भांडखोर कोंबडीची हकिकत सांगू लागले. वर्गात खसखस पिकली. मग ज्याला त्याला आपापल्या घरची कोंबडी आठवली. माझ्या चिरेतून पाणी ठिबकत होते, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

फिरत फिरत मी दारात उभ्या असलेल्या ओवेलारबाईंच्या हाती आलो. त्या संस्था चालवत, पण विद्यार्थ्यांसमोर इंग्रजीत कधी बोलल्या नव्हत्या. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी घोट घेतला.

"सोमवारपासून या," त्या अडखळत इंग्रजीत म्हणाल्या आणि मला मर्लीनच्या हाती दिले.

मर्लीनचे डोळे भरून आले. पण आमच्याकडे पेला हातात असताना आभार मानले, की 'मला आता पुरे' असा अर्थ होतो. म्हणून आभार न मानता तिने मला पुन्हा भरले.

मित्रांनो, ते पाणी पोटात घेताना मला किती धन्य वाटले म्हणून सांगू! मला शोभेच्या कपाटात ठेवू नका. कोरडा राहिलो की मी तडकतो. मला धुवा, पुसा आणि जो समोर असेल त्याच्या हाती द्या.